विश्वासाची ठेव : विद्यार्थ्यांचा खासगीपणा आणि शिक्षकाचे कर्तव्य

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या शिक्षक, पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडताना इमारती, निकाल, पारितोषिके आणि नामवंत विद्यार्थी यांचा उल्लेख होतो, आणि तो व्हायलाच हवा. आज मात्र मी शाळेच्या अशा एका संपत्तीविषयी बोलणार आहे, जी कोणत्याही अहवालात मोजली जात नाही. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात साठ वर्षांच्या दाखिल-खारिज नोंदवह्या आहेत. आपल्यापैकी शेकडो जणांचे बालपण त्यांच्या रकान्यांत बसलेले आहे : जन्मतारीख, जात, वडिलांचा व्यवसाय, पूर्वीची शाळा आणि शेवटी शाळा सोडण्याचे कारण. त्या शेवटच्या रकान्यात कोठे ‘बदली’ असते, कोठे ‘फी न भरल्यामुळे’, तर कोठे ‘सतत गैरहजर’. एका ओळीत एका कुटुंबाचे सर्वांत कठीण वर्ष मावलेले असते. ही माहिती शाळेची आहे काय? माझ्या मते ती शाळेजवळ ठेवलेली दुसऱ्याची ठेव आहे. ठेव जपायची असते, मागितली की धन्याला दाखवायची असते, आणि धन्याच्या परवानगीवाचून खर्च करायची नसते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आपल्या स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हा जुनी पटनोंद जशीच्या तशी छापावी, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना आनंद होईल, अशी सूचना पुढे आली. सूचना प्रेमापोटीच होती. परंतु विचारांती संपादक मंडळाने ठरवले की, नाव आणि शाळेतून बाहेर पडल्याचे वर्ष एवढेच छापावे; दूरध्वनी क्रमांक आणि पत्ता ज्यांनी लेखी संमती दिली त्यांचाच द्यावा; गुण, जन्मतारीख, जात आणि शाळा सोडण्याचे कारण यांपैकी काहीही छापू नये. ज्यांना आपली स्वतःची नोंद पाहायची असेल, त्यांना ती कार्यालयात सन्मानाने दाखवली जाईल. आजच्या भाषणाचा सारा आशय या एका निर्णयात आहे, असे म्हटले तरी चालेल.

मित्रहो, ‘खासगीपणा’ हा शब्द ऐकला की अनेकांना वाटते, हे पाश्चात्त्य खूळ आहे. आपल्याकडे सगळे एकमेकांचे, मग लपवायचे काय? मला हे मान्य नाही. गुप्त गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली की ती ‘षट्कर्णी’ झाली, असे आपली भाषा म्हणते. दोन माणसांचे चार कान. पाचवा आणि सहावा कान आला की गोष्ट आपल्या हातून गेली. इतका नेमका शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या माणसांना खासगीपणा बाहेरून शिकावा लागला नाही. ज्याच्याजवळ मन मोकळे करता येते, त्याच्याविषयी आपण म्हणतो की तो गोष्ट पोटात ठेवतो. आणि गुपित फोडणाऱ्याने ते ‘चव्हाट्यावर आणले’, असे म्हणताना त्या शब्दातच निषेध असतो.

इतिहासातही याचे एक मोठे उदाहरण आहे. १८६३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि त्यांचे नाव गुप्त राहील, असे आश्वासन त्यांनी जाहीरपणे दिले होते. त्या घरी जन्मलेले एक मूल, यशवंत, पुढे या दांपत्याने दत्तक घेतले. आपण या कार्याकडे करुणेचे कार्य म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु नाव गुप्त राखण्याचे वचन नसते, तर ती करुणा कोणाच्याही उपयोगी पडली नसती; एकही स्त्री त्या दाराशी आली नसती. गोपनीयता ही मदतीची पहिली पायरी आहे, हे या मराठी शिक्षक दांपत्याला दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ठाऊक होते.

आता वर्तमानाकडे येऊ. महाराष्ट्रातील एकाच जिल्ह्यात, ठाण्यात, एका वर्षाच्या आत दोन शाळांमध्ये घडलेल्या घटना आपण वृत्तपत्रांतून वाचल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी तेथील रेल्वे रोखून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही, या आरोपाखाली शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही गुन्हा नोंदवण्यात आला. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये शहापूर येथील एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले. पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात एकत्र करून त्या डागांची छायाचित्रे पडद्यावर दाखवली, कोणाला पाळी आली आहे हे सर्वांदेखत विचारले आणि काही मुलींची स्वच्छतागृहात नेऊन तपासणी केली, अशी पालकांची तक्रार होती. पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला आणि एका मदतनीस महिलेला अटक झाली.

या दोन्ही प्रकरणांचा न्याय न्यायालये करतील. तो माझा अधिकार नाही. पण दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. एकीकडे जे तत्काळ योग्य ठिकाणी सांगायला हवे होते ते सांगितले नाही, असा आरोप आहे. दुसरीकडे जे कोणापुढेही यायला नको होते ते पडद्यावर आले, असा आरोप आहे. दोन्हीकडे माहिती होती मुलींची, आणि निर्णय घेतला गेला मोठ्यांच्या सोयीने. म्हणून मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते की ‘झाकणे’ आणि ‘जपणे’ यांत फरक आहे. शाळेचे नाव वाचवण्यासाठी गप्प बसणे म्हणजे झाकणे. मुलाचा सन्मान राखण्यासाठी गप्प राहणे म्हणजे जपणे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण संस्थेच्या अब्रूसाठी वापरायची नसते. कारण त्या मुठीत मूल गुदमरत असते.

कायदा याविषयी काय सांगतो, हे पालकांनाही ठाऊक असावे, म्हणून थोडक्यात मांडते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क असून राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो अंतर्भूत आहे. राज्यघटना हा हक्क वय पाहून देत नाही. आठवीतली मुलगीही या देशाची नागरिक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचा १६वा अनुच्छेद मुलांच्या खासगी आयुष्यात मनमानी हस्तक्षेप करण्यास मनाई करतो, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे.

२०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४नुसार, कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम २३मध्ये पीडित बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास बंदी आहे, आणि त्या तपशिलांत शाळा आणि शेजार यांचाही उल्लेख आहे. निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नाव न घेताही ओळख पटेल अशी माहिती समाजमाध्यमांवर टाकता येणार नाही. ‘नाव घेत नाही, पण अमक्या गल्लीतली, तमक्यांची धाकटी’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. एड्सविषयक २०१७चा कायदा एचआयव्हीबाधित व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास आणि शिक्षणात तिच्याशी भेदभाव करण्यास मनाई करतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ केवळ छडीला नव्हे, तर मानसिक छळालाही मनाई करते. फी थकलेल्या मुलांची नावे भर वर्गात मोठ्याने वाचणे याला मी दुसरे नाव देऊ शकत नाही.

आणि आता २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होतील. या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे. तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. शैक्षणिक कामकाज आणि मुलांची सुरक्षितता यांपुरती शाळांना काही सवलत आहे; पण सवलत म्हणजे मोकळीक नव्हे. मुलांविषयीच्या या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्यासारख्या संस्थेला तो आकडा ऐकूनच घेरी यावी! तथापि दंडाच्या धाकाने पाळलेला नियम तपासणी संपली की विसरला जातो. म्हणून कायद्यापलीकडच्या कर्तव्याविषयी बोलणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आपण रायपूरचे मराठी लोक. चौबे कॉलनी, समता कॉलनी, तात्यापारा या परिसरांत आपली घरे आहेत. गणेशोत्सवात, हळदीकुंकवात, लग्नकार्यात आपण पुन्हापुन्हा एकमेकांना भेटतो. परप्रांतात भाषा टिकवायची तर अशी जवळीक लागतेच, आणि आपली शाळा साठ वर्षे उभी राहिली ती याच जवळिकीच्या बळावर. पण याच जवळिकीची एक किंमत आहे, आणि ती बहुधा मुले मोजतात. मोठ्या महानगरात एखाद्या मुलाचा गणिताचा पेपर फसला, तर ते त्याच्या घरापुरते राहते. येथे शिक्षिका सहज एक वाक्य बोलून जाते आणि मूल घरी पोहोचण्याआधी ते वाक्य आत्याच्या मार्फत आजीपर्यंत पोहोचलेले असते. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण त्या मुलाला मात्र दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती आपल्याकडे पाहते आहे असे वाटू लागते. लहान समाजात शिक्षकाच्या जिभेवर मोठ्या शहरातल्या शिक्षकापेक्षा अधिक जबाबदारी असते, ती यामुळे.

मुख्याध्यापकाच्या खोलीत येणाऱ्या विनंत्या ऐकल्या तर हे आणखी स्पष्ट होईल. कोणी जुन्या विद्यार्थिनीची जन्मतारीख विचारतात, कारण स्थळ आले आहे आणि पत्रिका जुळवायची आहे. कोणी शेजाऱ्याच्या मुलाला किती टक्के मिळाले हे विचारतात. विभक्त झालेल्या आईवडिलांपैकी एकाचे नातेवाईक मूल शाळेतून कोणत्या दाराने, किती वाजता निघते याची चौकशी करतात. शिकवणी वर्गाचा प्रतिनिधी दहावीच्या पालकांचे क्रमांक मागतो आणि वर देणगीचा शब्द देतो. यांतले बहुतेक लोक ओळखीचे आणि आदराचे असतात. ‘अहो मॅडम, आपल्यातच तर आहे’ हे वाक्य ऐकून नाही म्हणणे अवघड जाते. पण जो ‘आपल्यातला’ आहे त्यालाच नाही म्हणता आले, तरच त्या नकाराला अर्थ आहे. परक्याला तर कोणीही नाही म्हणते.

भ्रमणध्वनीने हा प्रश्न अधिक बिकट केला आहे. पूर्वी एखाद्या मुलाची चूक वर्गाच्या चार भिंतींत राहत असे आणि वर्ष संपले की विसरली जात असे. आता व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेले छायाचित्र विसरत नाही. चुकलेली वही, गणवेश नसलेले मूल, घटक चाचणीच्या गुणांची सबंध यादी, हे एका क्षणी चाळीस घरांत जाते आणि तेथून कोठे जाते ते कोणालाच सांगता येत नाही. कौतुकाच्या बाबतीतही विचार करायला हवा. चौकाचौकांत गुणवंतांची छायाचित्रे आणि टक्केवारी मिरवणारे फलक आपण पाहतो. ज्याचे छायाचित्र लागले त्याला विचारले होते काय, आणि ज्याचे लागले नाही त्याने त्या फलकाखालून रोज कसे जायचे, हे दोन्ही प्रश्न शिक्षणाचेच आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे थांबवले, त्यामागे अनाठायी स्पर्धा टाळण्याचा हाच विचार आहे.

येथे एक शंका कोणीही घेईल. सगळेच गुप्त ठेवायचे, तर पालकांनी विचारायचे कोणाला? खासगीपणाचा अर्थ अंधार असा नाही. आपल्या मुलाची प्रगती, हजेरी, वागणूक जाणून घेण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्याच्या मुलाची जाणून घेण्याचा नाही. स्वतः विद्यार्थ्यालाही स्वतःविषयीच्या नोंदी पाहता आल्या पाहिजेत. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला माहितीच्या अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला, तो याच न्यायाने. ज्याची गोष्ट, त्याच्यापासून ती लपवायची नाही. ज्याची नाही, त्याला ती सांगायची नाही.

सर्वांत कठीण प्रसंग वेगळाच असतो. मधल्या सुट्टीत एखादी मुलगी शिक्षिकेजवळ येऊन हळूच म्हणते, ‘बाई, एक सांगू? पण कुणाला सांगू नका हं.’ अशा वेळी ‘नाही सांगणार’ हे वचन देण्याचा मोह होतो. ते देऊ नये, असे मी माझ्या सहकाऱ्यांना आग्रहाने सांगते. कारण मुलीने सांगितलेली गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला असा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून खरे असेल तेवढेच वचन द्यावे : ‘तू सांगितलेस हे फार चांगले केलेस. तुझ्या सुरक्षिततेसाठी ज्यांना कळणे आवश्यक आहे, त्यांनाच मी सांगेन. आणि सांगण्याआधी तुला सांगेन.’ मग शिक्षक-कक्षातल्या चहाच्या वेळी त्या विषयाचा एक शब्दही निघता कामा नये. १०९८ या बालसहाय्य क्रमांकावर मदत मिळते, हे प्रत्येक शिक्षकाला आणि प्रत्येक मुलाला पाठ असावे.

गोष्ट गुन्ह्याची नसेल, केवळ दुःखाची असेल, तर शिक्षकाचा विवेक कसाला लागतो. घरी वडिलांचे काम सुटले आहे, आई आजारी आहे, डबा आणता येत नाही, वाचताना अक्षरे नाचतात. अशा वेळी एकच कसोटी उपयोगी पडते : ही गोष्ट दुसऱ्याला सांगितल्याने मुलाला काय मिळणार आहे? काही मिळणार असेल तर, ज्याच्याकडून मिळणार आहे त्याला, आवश्यक तेवढेच सांगावे. शुल्कमाफी हवी असेल तर ते लिपिकाला कळावे, वर्गाला नाही. पहिल्या बाकावर बसवायचे असेल तर ते वर्गशिक्षिकेला कळावे, आणि तिने ते कारण न सांगता बसवावे.

पालक बंधुभगिनींनो, तुमच्याकडेही काही मागणे आहे. वर्गाच्या गटात दुसऱ्याच्या मुलाची तक्रार लिहू नका. थेट वर्गशिक्षिकेशी बोला. स्नेहसंमेलनाचे चित्रण करताना आपल्या मुलाशेजारी उभी असलेली मुले आपली नाहीत, हे ध्यानात ठेवून ते समाजमाध्यमांवर टाका किंवा टाकू नका. कोणत्याही संमतीपत्रावर, मग ते ‘अपार’ ओळख क्रमांकाचे असो की सहलीच्या छायाचित्रांचे, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि शंका आली तर शाळेला विचारा. विचारल्याबद्दल येथे कोणीही रागावणार नाही. आणखी एक : तुमचे पंधरा वर्षांचे मूल तुम्हाला सगळेच सांगत नसेल, तर त्याचा अर्थ ते बिघडले असा होत नाही. त्याची दैनंदिनी उघडण्यापूर्वी त्याच्याशी बोलून पाहा.

या हीरक महोत्सवी वर्षात शाळेने काही नियम लेखी स्वरूपात स्वीकारले आहेत. गुण विद्यार्थ्याच्या आणि त्याच्या पालकांच्याच हाती दिले जातील. मुलांची छायाचित्रे संमतीशिवाय शाळेबाहेर प्रसिद्ध होणार नाहीत. थकीत शुल्काविषयी केवळ पालकांशी, बंद पाकिटातून बोलले जाईल. जुन्या नोंदवह्यांच्या कपाटाची किल्ली एका जबाबदार व्यक्तीकडे राहील, आणि कपाट कोणी, कधी, कशासाठी उघडले याची नोंद होईल. मुलींच्या पाळीसंबंधी कोणतीही अडचण ठरवून दिलेल्या शिक्षिकेकडेच जाईल. तेथे प्रश्न कमी आणि मदत अधिक असेल. हे नियम सूचनाफलकावर लावले आहेत. ते मोडलेले दिसले तर मला येऊन सांगा. तो तुमचा अधिकार आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही आज मोठ्या पदांवर, मोठ्या संसारांत आहात. तरीही तुम्हाला शाळेत यावेसे वाटले, याचे कारण काय असावे? शाळेने शिकवलेले धडे हे एक कारण असेलच. परंतु मला वाटते, शाळेला तुमच्याविषयी जे ठाऊक होते आणि जे तिने कधीही कोणाला सांगितले नाही, तेही एक कारण आहे. कोणाचे शुल्क कोणत्या गुरुजींनी स्वतःच्या पगारातून भरले, कोणाला मधल्या सुट्टीत कोणत्या बाईंनी आपल्या डब्यातली पोळी दिली, हे देणाऱ्याने सांगितले नाही आणि घेणाऱ्याला कधी मान खाली घालावी लागली नाही. आज व्यासपीठासमोर बसलेल्या सेवानिवृत्त गुरुजनांनी ते सारे पोटात ठेवले आहे. कायदे पुढे आले. ही माणसे आधीपासूनच तसे वागत होती. त्यांच्याकडून ही रीत माझ्या तरुण सहकाऱ्यांनी घ्यावी, आणि शाळेच्या शतक महोत्सवात जे येथे उभे राहतील त्यांच्या हाती ती द्यावी, एवढीच इच्छा व्यक्त करते.